अण्णांचा डमी अर्ज

किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. शाळेच्या कमिटीच्या एका जागेसाठी दोन मोठी माणसं उभी राहिली, की त्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचं. आठवड्याभरात किश्श्यांनी खिसे भरतात! मी तसा पंधरा दिवस बसलो होतो.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळूरच्या जयनगरात आमच्या मराठी मंडळाची एक शाळा होती. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण रोज एक तास मराठीचा. तो तास विमलाक्का घ्यायची आणि मी गणित. तेव्हा गल्लोगल्ली कंप्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि आमच्या कमिटीलाही वाटायला लागलं की मराठीचा तास काढून तिथे कंप्युटरचा तास ठेवावा. आठ मेंबरांत चार या बाजूला, चार त्या बाजूला. नववी जागा रिकामी! ती कोणाला मिळते यावर विमलाक्काची नोकरी राहणार की जाणार हे ठरणार होतं. तिच्या घरात मिळवती ती एकटीच.

मला निवडणूक अधिकारी नेमलं. मी फार प्रामाणिक म्हणून नव्हे. माझ्यावर दोन्ही बाजूंचा सारखाच संशय होता म्हणून!

*

पहिले उमेदवार भोसले अण्णा. तीन पिढ्या बेंगळूरात, शिवाजीनगरला रिक्षांच्या सीट शिवायचं वर्कशॉप. "मराठीचा तास गेला तर माझ्या अंगावरून जाईल!" असं ते प्रत्येक घरात सांगून आले होते.

अर्ज भरायला आले ते स्वतःचं पेन घेऊन. मी ऑफिसातलं पुढे केलं, तर म्हणाले, "नको मास्तर. ह्याची शाई चार दिवसांनी उडाली म्हणजे?"

मग खिशातून दुसरा अर्ज काढला. त्यावर नाव त्यांच्या बायकोचं, सुवर्णाक्कांचं.

"हे काय अण्णा?"

"डमी! माझ्या अर्जात तो पुणेवाला काहीतरी खोट काढणार. माझा बाद झाला तर हा असू दे."

"सुवर्णाक्कांना विचारलंत का?"

"सही घेतली की. डमीला काय विचारायचं?"

*

'तो पुणेवाला' म्हणजे केळकर. दोन वर्षांपूर्वी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी पुण्याहून आलेले. ते उघडपणे कंप्युटरच्या बाजूचे. निदान लपवत तरी नव्हते. त्यांनी अर्जाच्या तीन झेरॉक्स आणल्या, प्रत्येकीवर माझी सही घेतली आणि मग समोर बसून माझ्याकडे बघत राहिले.

"सर, तुम्ही न्यूट्रल आहात ना?"

"अगदी."

"म्हणजे अर्धे त्यांचेही आहात!"

मी चहा मागवला. तो त्यांनी मी प्यायल्यावरच प्यायला.

*

मतदारयादीत भोसले आडनावाचे अकरा निघाले. केळकरांची झोप उडाली. अकराही बोगस असणार! रविवारी सकाळी हेल्मेट, काळा गॉगल आणि हातात फाइल अशा थाटात ते स्कूटरवरून एकेक घर तपासायला निघाले.

पहिल्याच दारात त्यांनी विचारलं, "इथे पांडुरंग भोसले राहतात का? मला त्यांची माहिती हवी आहे."

दारातल्या माणसाने फाइल बघितली, गॉगल बघितला. "अवरू इल्ला," म्हणजे ते इथे नाहीत, असं सांगून त्याने दार लावून घेतलं.

सोमवारी केळकरांची लेखी तक्रार माझ्या टेबलावर. पांडुरंग भोसले नावाचा माणूसच अस्तित्वात नाही! मंगळवारी पांडुरंग भोसले स्वतः हजर, रेशनकार्डासकट. केळकर त्यांना बघून उडालेच.

"अहो, परवा तुम्हीच म्हणालात की ते इथे नाहीत!"

"मग काय म्हणायचं? मला वाटलं इन्कमटॅक्सवाला आलाय!"

*

संक्रांतीला सुवर्णाक्कांनी घरी हळदीकुंकू ठेवलं. दरवर्षीच ठेवायच्या, पण यंदा केळकरांना त्यात प्रचाराचा वास आला. त्यांनी आपल्या मिसेसना हेरगिरीला पाठवलं. "फक्त बघायचं. जास्त बोलायचं नाही."

मिसेस केळकर गेल्या त्या तीन तासांनी परतल्या.

"काय? प्रचार चालला होता ना?"

"छे! निवडणुकीचं नावसुद्धा कोणी काढलं नाही."

"मग तीन तास काय करत होतीस?"

"सुवर्णाक्कांनी एळ्ळू-बेल्ला करायला शिकवलं. तिळात गूळ, खोबरं कसं एकसारखं बारीक चिरून घालतात! उद्या परत बोलावलंय मला."

बुधवारी नवी तक्रार आली. 'माझ्या कुटुंबावर विरोधी गटाकडून प्रभाव टाकण्यात येत आहे.' पुरावा म्हणून एळ्ळू-बेल्ल्याची पुडी जोडलेली होती. पुरावा मी आणि विमलाक्काने मधल्या सुट्टीत तपासला. उत्तम होता!

*

ती पुडी संपवताना विमलाक्का एकदम म्हणाली, "मास्तर, खरं सांगा. अण्णा आले तर माझा तास राहील ना?"

मी म्हणालो, राहील की. पण सांगताना माझा मलाच भरवसा वाटेना, कारण आदल्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली होती. अण्णांचा भाचा तिच्या वर्गात टेप घेऊन मोजमापं घेत होता.

"काय मोजतोस रे?"

"बाकं, सर. मामांनी सांगितलंय. निवडून आले तर नवी बाकं देणार आहेत."

मी 'सरी', म्हणजे बरं, म्हटलं आणि वळलो. मागून त्याचा आवाज आला, "सर, ह्या खोलीत प्लग पॉइंट एकच आहे काय?"

बाकांना प्लग कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. या भाच्याचं कंप्युटरचं दुकान आहे, हे मला ठाऊक होतं. विमलाक्काला यातलं काही सांगायचा धीर मला झाला नाही, आणि त्याची लाज अजून वाटते.

*

आमच्या मंडळाचा एक जुना रिवाज होता. निवडणूक जाहीर करायची, अर्ज घ्यायचे, पण मतदान होऊ द्यायचं नाही. सगळं बिनविरोध! माघारीच्या शेवटच्या दिवशी अध्यक्ष इनामदारांनी दोघांनाही शाळेत बोलावलं.

"भांडण नको. दोघांनी माघारीचे अर्ज सही करून मास्तरांकडे द्या. मी चिठ्ठी काढतो. ज्याचं नाव येईल त्याचा माघारीचा अर्ज फाडून टाकू. दुसऱ्याची माघार."

दोघांनी अर्ज दिले. इनामदार चिठ्ठी उचलणार, तोच अण्णा ओरडले, "स्वल्प थांबा! चिठ्ठी ह्यांच्या विरुद्ध गेली आणि हे म्हणाले, सही माझी नव्हेच, तर? मास्तर, आधी ह्यांच्या अर्जावर शिक्का मारा."

मी मारला.

"मग त्यांच्याही अर्जावर मारा!" केळकर म्हणाले. "आत्ता, माझ्यासमोर!"

मी तोही मारला. दोघांनी एकमेकांचा शिक्का नीट वाचून घेतला, तारखेसकट. मग दोघांचंही समाधान झालं.

चिठ्ठी अण्णांची निघाली. अण्णा उठून इनामदारांना मिठी मारायला निघाले, तेव्हा केळकर शांतपणे म्हणाले, "पण तुमची माघार तर मंजूर झाली आहे. शिक्का बसलाय."

"तुमच्यावरपण बसलाय की!"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी नियमांचं पुस्तक उघडून वाचून दाखवलं. शिक्का बसलेली माघार परत घेता येत नाही. हा नियम मला आधी माहीत नव्हता, यावर आजतागायत कोणी विश्वास ठेवलेला नाही. माझी बायकोसुद्धा नाही.

इनामदारांनी घाम पुसत विचारलं, "मग आता उरलं कोण?"

मी फाइल उलटली. पाच वाजून माघारीची मुदत संपली होती, आणि अण्णा आपला डमी अर्ज मागे घ्यायला विसरले होते.

"सौ. सुवर्णा भोसले," मी वाचलं. "बिनविरोध."

केळकर तक्रार लिहायला बसले. अण्णांचा चेहरा मात्र हळूहळू खुलला. "बरंच झालं की! घरातल्या घरातच राहिलं!"

*

कमिटीची पहिली सभा शनिवारी भरली. मी नोंदी लिहायला आत बसलो होतो. विमलाक्का शेजारच्या स्टाफरूममध्ये होती. तिचा डबा दुपारपासून तसाच बंद होता.

सुवर्णाक्का वेळेआधी आल्या. सोबत अण्णाही आले, पण ते मेंबर नसल्यामुळे इनामदारांनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. ते व्हरांड्यात गेले आणि खिडकीजवळ उभे राहिले. त्यांच्या बायकोला नेमके समोर दिसतील, असे.

इनामदारांनी प्रस्ताव वाचला. येत्या जूनपासून मराठीचा तास बंद करून त्या जागी कंप्युटरचा तास सुरू करण्यात यावा.

"प्रस्तावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

चार हात वर गेले. सुवर्णाक्का मांडीवर हात ठेवून बसून होत्या. मी सहज खिडकीकडे पाहिलं. माझ्या पाठोपाठ इनामदारांनी पाहिलं, मग सगळ्यांनीच.

खिडकीत अण्णा बायकोकडे बघत, डोळे मोठे करून, आपला उजवा हात वर धरून उभे होते. पार खांद्यापासून सरळ!

सुवर्णाक्का उठल्या, पदर सारखा केला, खिडकीपाशी गेल्या आणि दोन्ही काचा ओढून कडी लावली.

"वारा फार येतोय," त्या म्हणाल्या आणि जागेवर येऊन बसल्या.

इनामदारांनी घसा साफ केला. "विरोधात असतील त्यांनी..."

पाच हात वर गेले. मी आकडा लिहिला, पुन्हा एकदा मोजला आणि वर पाहिलं.

काचेपलीकडे अण्णांचा हात अजून वरच होता.