बंद तोंडाचं कॅबिनेट

बायकोच्या दहाव्याच्या दिवशी कावळा शिवेना. नदीकाठी पिंड मांडलेले, समोरच्या बाभळीवर चार-पाच कावळे बसलेले, आणि आम्ही सगळे माना वर करून उभे. अशा वेळी करतात तसं एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायला सुरुवात केली. मी म्हणालो, पोरीचं शिक्षण अर्धवट सोडणार नाही. मेहुणा म्हणाला, आईकडे बघीन. कावळे जागचे हलले नाहीत. शेवटी तिची थोरली बहीण, जी पेडगावला असते, पदर सावरत पुढे आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाई, तुझा कंपुटर आमी बंद पडू देणार न्हाई. जा आता." एक कावळा उतरला. मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. कावळा भूक लागली की येतो, हे मला कळतं. तरी घरी येईपर्यंत माझ्या अंगावरचा काटा गेला नव्हता.

बायको घरबसल्या लग्नाचे अल्बम करायची. जिंतूर, पाथरीचे फोटोग्राफर तिला फोटो पाठवत आणि ती त्यांची पानं लावून द्यायची. कॉम्प्युटर तिने एकेक भाग जमवून स्वतः जोडून घेतला होता. आत चांगलं सामान घालता यावं म्हणून वरच्या डब्यावर, म्हणजे कॅबिनेटवर, तिने हात आखडता घेतला. समोरून बंद, दोन्ही कडांना बारीक फटी, टेबलाखाली फरशीवर ठेवलेलं काळं पत्र्याचं खोकं. आजारपणातसुद्धा उपचाराच्या दोन खेपांच्या मधे जे दिवस घरी मिळत, त्या दिवसांत ती त्याच्यासमोर बसायची. दुपारी चहाची वेळ झाली की "बास झालं आता" म्हणत कॉम्प्युटर बंद करून उठायची. दिवाळीनंतर ती गेली.

थंडीत सगळं ठीक होतं. मुलगी कॉलेजला जाते, तिने आईचं काम उचललं आणि एका फोटोग्राफरने भीतभीत एक अल्बम तिच्यावर सोपवला. होळी झाली, ऊन तापायला लागलं आणि कॉम्प्युटर दुपारी आपोआप बंद पडायला लागला. रोज, साधारण चहाच्या वेळेला. मुलीचं पान अर्धं लागलेलं असायचं आणि पडदा काळा व्हायचा. पेडगावच्या ताईंना हे फोनवर कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शब्द दिला हाय आपुन. ती रुसायलीय."

ती रुसली आहे असं मला वाटत नव्हतं. ती येते, असं वाटत होतं. हे मी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर शाळेतल्या लोकांनी मला सुट्टी घ्यायला सांगितलं असतं. परभणीच्या उन्हाळ्यात दुपारी घर किती तापतं आणि तापलेलं यंत्र स्वतःला वाचवायला कसं बंद होतं, हे मी फळ्यावर आकृती काढून समजावून सांगू शकतो. पण सकाळची शाळा सुरू झाल्यामुळे दुपारी मी घरीच असायचो. जेवलो की त्या खोलीतल्या खाटेवर पेपर घेऊन बसायचो आणि वाट बघायचो. घरघर थांबायची. त्या शांततेत कुणीतरी माझ्या अगदी जवळून उठून स्वयंपाकघराकडे गेल्यासारखं व्हायचं. खुर्चीवर तर मुलगी बसलेली असायची, ती हललेलीही नसायची. मला भीती वाटायची, आणि त्याहून जास्त बरं वाटायचं. दिवसभरात तेवढंच एक बरं वाटण्यासारखं होतं.

एप्रिलमध्ये मुलगी म्हणाली, "बाबा, कॅबिनेट बदलावं लागतंय. फरशी पुसून पुसून खालून गंजलंय, बटण आत गेलं की वर येत न्हाई, अन् आत हवाच खेळंना. नवरीकडचे लोक अल्बम मागायलेत. ह्यो एक अल्बम येळेवर न्हाई गेला तर पुढं कुणी काम देणार न्हाई." तिचं म्हणणं बरोबर होतं. आईचं काम तिच्या हातात राहणार की जाणार, हे त्या खोक्यावर ठरणार होतं. मी "बघू" म्हणालो. घरात बाप "बघू" म्हणतो त्याचा अर्थ तिला लहानपणापासून माहीत आहे.

मग ताईंचा प्रश्न आला. आमच्याकडे त्या खोक्यालाच सगळे सीपीयू म्हणतात, म्हणजे खोकं हाच कॉम्प्युटर. खोकं बदललं तर दिलेला शब्द मोडतो की नाही? मुलीने फोनवर अर्धा तास घालवून समजावलं की आतलं सगळं आईचंच राहणार आहे, वरचा डबा फक्त नवा. ताई म्हणाल्या, "म्हंजे बाई तीच, घर तेवढं बदलायलंय. मग घ्या. पण शनवारी आणू नका, लोखंड हाय."

म्हणून आम्ही शुक्रवारी संध्याकाळी स्टेशन रोडवरच्या एका दुकानात गेलो. मुलगी तयारीने आली होती. मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य पाटी, पूर्ण मापाचा, त्यामुळे छोटं कॅबिनेट चालणार नाही. मोठं परवडणार नाही आणि टेबलाखाली मावणारही नाही. तेव्हा मिड टॉवर, म्हणजे मधल्या मापाचं. ग्राफिक्स कार्डाची लांबी तिने घरून पट्टीने मोजून आणली होती. आमच्या ऐपतीत बसणारी दोन निघाली. एकाचं तोंड सगळं जाळीचं होतं आणि मागे दोन पंखे. दुसऱ्याचं तोंड काचेने बंद, आत रंगीत दिव्यांचा एकच पंखा, आणि किंमत जराशी कमी.

"सर, काचेचं न्या," दुकानदार म्हणाला. "लाइट लय भारी दिसतेत. जाळीतून धूळ जाती सगळी."

मुलीचा हात जाळीवर होता. "काका, आमाला लाइट नको, हवा पायजे."

मी विचारलं, "बंद तोंडाच्यात गरम होतं का?"

त्याला वाटलं मी घाबरून विचारतोय. "व्हतंय थोडं सर, खोटं कशाला बोलू. पण लोक वापरायलेत की."

"मग हेच द्या," मी म्हणालो.

घरात साधा कुकर घ्यायचा तर चार दुकानं पालथी घालणारा माणूस मी. दुकानदारसुद्धा माझ्याकडे बघत राहिला. मी धुळीवर बोलायला लागलो. आपल्याकडची काळी माती, उन्हाळ्यातली वावटळ, समोरच्या मोकळ्या प्लॉटवरचा कचरा, जाळीतून हे सगळं आत जाऊन काय काय होईल, ते मी वर्गात शिकवतो तसं मुद्द्यामागून मुद्दा सांगितलं. एकही मुद्दा तसा खोटा नव्हता. पण माझ्या मनात एवढंच होतं की जाळीचं घेतलं तर यंत्र थंड राहील, दुपारी चालूच राहील, आणि मग ती कशाला येईल?

मुलगी माझं बोलणं संपेपर्यंत ऐकत होती. मग तिने जाळीवरचा हात काढला. "द्या काका, बंदच द्या."

स्कूटरवर खोकं आमच्या दोघांच्या मध्ये होतं. घराजवळच्या वळणावर ती मागून म्हणाली, "तसंबी मी तीनच्या आधी सगळं सेव्ह करून ठिवतेच, बाबा." मी स्कूटर चालवत राहिलो. इतके दिवस मी एकटाच वाट बघतोय असं मी समजत होतो.

रविवारी ताई मुद्दाम आल्या. जुन्या कॅबिनेटचे स्क्रू गंजले होते, त्यांना खोबरेल तेल सोडावं लागलं. बाजूचा पत्रा निघाला. आत राखेच्या रंगाची धूळ बसली होती, ती मुलीने रंगाच्या ब्रशने झाडली. समोरचा पंखा काढून तिने बोटाने फिरवून पाहिला. तो फिरेना. तिने तो उजेडाकडे धरला. मधल्या दांड्याला काहीतरी काळं गच्च गुंडाळलेलं होतं, रिळाला दोरा असतो तसं. मला आधी वाटलं आतली वायर सुटून आली.

"आईचे केस हायेत," ती म्हणाली.

उपचार सुरू झाल्यावर बायकोचे केस जायला लागले होते. लांब, दाट केस होते तिचे. पोरीला दिसू नये म्हणून ती आमच्या आधी उठून उशी झटकायची, फरशीवरचा एकेक केस वेचायची, मग डोक्याला रुमाल बांधून टेबलापाशी बसायची. आम्हाला तिने एकही केस दिसू दिला नव्हता. आणि तिच्या पायाशी ठेवलेलं हे खोकं त्या सगळ्या महिन्यांत हवेबरोबर ते ओढून घेत होतं. तिच्या हातून सुटलेले सगळे इथे येऊन बसले होते. पंखा कधीचाच अडकलेला असणार. थंडीत निभावलं, उन्हाळ्यात निभावलं नाही. म्हणजे फळ्यावरची माझी आकृती बरोबर होती, आणि खाटेवर बसून मी जे मानत होतो तेही काही चूक नव्हतं. कॉम्प्युटर तिच्यामुळेच बंद पडत होता. 

ताई रडल्या. रडून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचे केस घरात ठिवू नयेत. उद्या सांजच्याला जाताना मी नेते, नदीला सोडते." मुलीने ब्लेडने हळूहळू कापत, सोडवत सगळे केस कागदावर काढले. बराच वेळ लागला. मी मदत करतो म्हणालो तर तिने मानेनेच नको म्हटलं. ताईंनी कागदाची पुडी बांधून कपाटावर ठेवली. नव्या कॅबिनेटमध्ये पंखा एकच, म्हणून मुलीने साफ केलेला जुनाही पुढे बसवला. सगळं जोडून बटण दाबलं आणि तो पहिल्या झटक्यात फिरला.

सोमवारी दुपारी ताई आत झोपल्या होत्या. मी पेपर घेऊन खाटेवर बसलो. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मुलगी पानं लावत होती. ठरलेली वेळ जवळ आली तसं तिने सेव्ह केलं, हात मांडीवर घेतले आणि टेबलाखालच्या खोक्याकडे बघत बसली. मीही बघत होतो. खोक्याच्या मागच्या बाजूने गरम वारा येत होता. घरघर चालूच होती. वेळ झाली, आणि टळूनही गेली. मी मनातल्या मनात बायकोला हाका मारत होतो. काही झालं नाही. माझ्या जवळून कुणी उठलं नाही.

मुलगी वळली नाही. खोक्याकडे बघतच तिने विचारलं, "बाबा, ते केस परत गुंडाळू का पंख्याला?"

थट्टा नव्हती ती. पुडी अजून कपाटावरच होती. मी नको म्हणालो, पण म्हणायला मला फार वेळ लागला. तिने नाक पुसलं आणि पुढचं पान उघडलं.