एकच एस्टर तोडायचा होता

मुलगी कॉलेजात जायला लागली आणि मी पुन्हा नोकरी धरली. मधली बरीच वर्षं ठाकुर्लीत घरीच केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेतलेल्या. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. तिथल्या प्रमुख नौपाड्याहून यायच्या. माझ्याच वयाच्या, पण मी त्यांना मॅडमच म्हणायचे.

पहिलंच काम चिवट निघालं. एका रेणूच्या दोन टोकांना दोन एस्टर होते. एक तोडायचा, दुसरा तसाच ठेवायचा. एस्टर म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांची जोडी. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ती सुटते. तेलापासून साबण होतो तो असाच, आणि या सुटण्याला हायड्रॉलिसिस म्हणतात. हे मी कितीतरी मुलांना शिकवलेलं, त्यामुळे निर्धास्त होते.

बर्फात भांडं ठेवून थेंब थेंब कॉस्टिक घातलं. दोन्ही एस्टर तुटले. कॉस्टिक कमी केलं, तर काही रेणूंचा हा तुटला, काहींचा तो. नुसती खिचडी. त्या आठवड्यात घरी मी फारशी बोलत नव्हते. वाटायचं, आपलं वय निघून गेलं की काय.

शेवटी मॅडमसमोर जाऊन बसले.

"दोन्ही एस्टर सारखेच आहेत," मी म्हटलं. "कॉस्टिकला त्यांच्यात फरक कळत नाही. जो तोडायचाय त्याचा अल्कोहोलचा भाग बदलून तो टर्शरी ब्युटाइलचा करू या."

"त्याने काय होईल?"

"तो आम्लाने तुटेल. पाणी लागणारच नाही. ब्युटाइलचा गट सुटतो, एक हायड्रोजन टाकतो आणि वायू होऊन निघून जातो. एलिमिनेशन. दुसऱ्या एस्टरला धक्का लागणार नाही."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "अगं, म्हणजे पहिल्या पायरीपासून परत."

"हो."

"कर मग."

नवीन रेणू तयार व्हायला वेळ लागला. तो झाल्यावर एका सकाळी मी त्यात आम्ल ओतलं आणि वायू बाहेर ओढणाऱ्या हूडची काच खाली ओढून बघत उभी राहिले. थोड्या वेळाने द्रावणातून बारीक बुडबुडे यायला लागले. सुटलेला गट वायू होऊन चालला होता. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

दुपारी नमुना तपासला. हवा तो एस्टर शाबूत होता, नको तो गेलेला.

"आता पुढची पायरीही तूच बघ," मॅडम म्हणाल्या आणि डबा उघडून बसल्या. त्यांनी आणलेल्या अळूवड्यांतल्या दोन माझ्या झाकणात ठेवल्या.

संध्याकाळी मुलीने विचारलं, "आई, आज एवढी खुशीत का?" मी चहा ठेवता ठेवता सगळं सांगितलं. तिला त्यातलं अर्धंच कळलं, पण ती ओट्यापाशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती.