स्टॉपवॉच, मापाचं भांडं आणि नामदेवराव

आमच्या वॉर्डातले किस्से मुतखड्यासारखे साठलेत. साठत असताना पत्ता लागत नाही, आणि एकदा हलले की माणसाला स्वस्थ बसवत नाही! घरी सांगायला लागलो की मुलं म्हणतात, "बाबा, जेवताना नको." म्हणून लिहून काढतोय. तुमचं जेवण झालं असेल तर वाचा.

काळ सत्तरच्या दशकातला. मी साताऱ्याचा, नुकताच डॉक्टर झालेला, सांगलीच्या एका हॉस्पिटलात हाऊसमन म्हणून लागलो. वॉर्ड मिळाला लघवीच्या आजारांचा. बरोबरचे मित्र कुणी हृदयाचे डॉक्टर होणार, कुणी मेंदूचे. मी काय करतो हे सांगताना मी आवाज खाली आणायचो.

आमचे सर, म्हणजे वॉर्डाचे प्रमुख, अपघातात लघवीची वाट तुटलेल्या माणसांना त्यांच्याच कातडीची नवी वाट करून द्यायचे. दोन टप्प्यांत. आधी कातडी आत बसवून वाट उघडी ठेवायची, आणि काही महिन्यांनी ती मिटवून नळी करायची. हे काम करणारे तेव्हा थोडे होते, आणि केलेलं टिकतं का हे लिहून ठेवणारे त्याहून थोडे. सरांचा सगळा जीव त्या लिहिण्यात.

प्रत्येक पेशंटनं दर सहा महिन्यांनी यायचं. पाच वर्षं! येताना लघवी रोखून यायची, काचेच्या मापाच्या भांड्यात धार धरायची, आणि मी पडद्याआड स्टॉपवॉच घेऊन उभा. किती लघवी, किती सेकंद, हे रजिस्टरमध्ये लिहायचं. धार बारीक झाली की समजायचं, नळी आतून आवळत चाललीय.

"ऑपरेशन मी दोन तासांत उरकतो," सर म्हणायचे, "ते जमलं का हे कळायला पाच वर्षं लागतात. म्हणजे महत्त्वाचं काम तुझं!"

मी "हो सर" म्हणून भांडं धुवायला जायचो.

*

नामदेवराव आले तो दिवस मला लख्ख आठवतो. इस्लामपूरकडचा गडी, चाळिशीचा, कारखान्याला उसाची बैलगाडी हाकायचा. भरलेली गाडी कलंडली आणि कंबरेवर आली. हाडं जुळली, पण लघवीची वाट तुटली ती तुटलीच. पोटातून रबरी नळी काढलेली आणि नळीच्या टोकाला काचेची बाटली. ती बाटली लोकांना दिसू नये म्हणून बायकोनं, पारूबाईंनी, तिला खणाची पिशवी शिवलेली. वर नाडीसुद्धा!

"दुसरीकडं दाखवलं," नामदेवराव सरांना म्हणाले, "ते म्हणाले, आता ही बाटली जन्माची. सायेब, माजं लय मागणं न्हाई. माज्या उसाच्या बांधावर हुबं राहून एकदा मोकळं व्हायचं हाय. गड्यासारकं."

सरांनी लगेच होकार दिला नाही. "जमेल का ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "जमलं तरी टिकेल का, तेही माहीत नाही. पण करून बघू. माझी एकच अट. पाच वर्षं यायचं."

नामदेवरावांनी खणाची पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात सरांच्या पायाला लावला. "पाच वर्सं. शब्द दिला."

*

पाच वर्षं येणाऱ्यांत एक सुभेदार होते. साताऱ्याकडचे, पलटणीतून निवृत्त. त्यांना कार्ड गेलं, "लघवी रोखून यावे." झालं! सुभेदार पहाटे घरून निघाले ते रोखूनच. वाटेत एसटी पंक्चर झाली. कंडक्टरनं सगळ्यांना खाली उतरवलं, माणसं झाडाआड जाऊन आली, सुभेदार मात्र रस्त्याच्या कडेला ताठ उभे.

दुपारी वॉर्डात आले तेव्हा चेहरा पार काळानिळा. मी म्हटलं, "अहो, आधी जाऊन यायचं ना!"

"ऑर्डर न्हवती!"

मी घाईघाईनं भांडं दिलं, स्टॉपवॉच दाबलं. भांडं भरत आलं. काठाला लागलं. दुसरं भांडं सिस्टरांच्या खोलीत! मी घाबरून ओरडलो, "थांबा!"

सुभेदार थांबले. चक्क थांबले! मी धावत दुसरं भांडं आणलं, म्हटलं, "हं, चालू द्या." आणि चालू!

आवाज ऐकून सर आले. मी काय झालं ते सांगितलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. सर नुसते खूश!

"लिही," ते म्हणाले. "ऑपरेशन उत्तम. हुकमावर थांबते."

*

नामदेवरावांचं तसं सरळ नव्हतं. पहिलं ऑपरेशन झालं, महिने गेले, दुसरं झालं. अखेर पोटातली रबरी नळी काढायचा दिवस उजाडला. खाटेभोवती सर, मी, सिस्टर, चार विद्यार्थी. सगळे वाट बघतोय. नामदेवराव घामाघूम. थेंब येईना.

आमच्या सिस्टर मिरजेच्या, कडक. सर सोडून सगळा वॉर्ड त्यांना घाबरायचा, आणि कधीकधी सरसुद्धा. त्या म्हणाल्या, "देवाच्या आरतीला जमल्यासारखं जमलाय सगळे. व्हा बाहेर! सर, तुम्हीपण!"

आम्ही बाहेर. लघवी होत नसली की सिस्टर शेजारचा नळ सोडून ठेवायच्या. पाण्याच्या आवाजानं बऱ्याच जणांचं काम व्हायचं. त्यांनी नळ सोडला. आतून नामदेवरावांची हाक आली, "सिस्टर, त्यो नळ बंद करा!"

"का हो?"

"आवं, पानी वाया चाललंय! तिकडंच ध्यान जातंय माजं!"

पाटाच्या पाळीसाठी शिवारात भांडणं बघितलेला माणूस तो. सिस्टरांनी नळ बंद केला. पारूबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून, पदर दातात धरून बसलेल्या. रिकामी खणाची पिशवी त्यांच्या मांडीवर.

आणि आतून गडी ओरडला, "पारू! पाट सुटला गं, पाट सुटला!"

सगळा वॉर्ड हसला आणि टाळ्या पडल्या. खाटेला खिळलेले म्हातारेसुद्धा टाळ्या वाजवत होते. सिस्टर तोंड फिरवून खिडकीचा पडदा सारखा करत होत्या, तो सारखाच होता. मी सरांकडं वळलो आणि म्हटलं, "सर, जमलं!"

"आज जमलं," सर म्हणाले. "रजिस्टरमध्ये पाच वर्षांचा रकाना आहे. तो अजून कोरा आहे."

मला त्या क्षणी सरांचा राग आला, खोटं कशाला सांगू!

*

तासगावकडचे एक गुरुजी होते. ते आले की माझं काम निम्मं व्हायचं, कारण ते घरीच रोज मोजायचे. शंभर पानी वही, तांबड्या शाईनं आखलेली. तारीख, वेळ, माप, सेकंद. "आज पाहुणे असल्याने मापन नाही" अशीसुद्धा नोंद! आणि शेवटच्या रकान्यात स्वतःला दहापैकी मार्क.

सर ती वही परीक्षकासारखी वाचायचे. एकदा ते अडले. "गुरुजी, माप तेच, सेकंद तेवढेच. मग सोमवारी आठ आणि मंगळवारी साडेआठ कसे?"

गुरुजी संकोचून म्हणाले, "ते अर्धे आवाजाचे दिलेत सर."

*

खरी पंचाईत बिरूची झाली. बिरू आटपाडीकडचा मेंढपाळ. त्याचं ऑपरेशन झालं, सुट्टी द्यायची वेळ आली. मी कार्ड घेऊन बसलो. "पत्ता?"

"मेंढरं जितं, तितं मी."

"अरे, पण पोस्टमन कुठं येणार?"

"त्याला कशाला तरास? कवा यायचं ते सांगा."

सहा महिन्यांनी, असं सांगितलं. बिरूनं कमरेची दोरी काढली, तिला एक गाठ मारली आणि म्हणाला, "दर आवशीला एक मारतो." म्हणजे अमावास्येला. मी सरांना जाऊन सांगितलं, हा काही परत येत नाही, याचं नाव खोडू या.

सहा महिन्यांनी सकाळी सकाळी हॉस्पिटलच्या फाटकात आरडाओरडा. बघतो तर मेंढरं! आवारात, जिन्याच्या पायरीवर, अॅम्ब्युलन्सच्या खाली, सगळीकडं मेंढरंच. कळप विश्रामबागेच्या वस्तीतून हाकत आणलेला. सरांनी हौसेनं लावलेली मेंदीची कुंपणं निम्मी फस्त. आणि मधोमध बिरू, हातात गाठींची दोरी.

धार झकास होती. त्याच आठवड्यात छापील कार्ड पाठवलेले, पक्क्या घरात राहणारे तिघं आलेच नव्हते.

सर उरलेल्या मेंदीकडं बघत म्हणाले, "हरवतात ते पत्तेवालेच!"

*

आणि तसंच झालं. नामदेवराव हरवले.

साडेचार वर्षं माणूस नेमानं आला. येताना कधी गूळ, कधी उसाची मोळी. शेवटचं, पाच वर्षांचं कार्ड गेलं, आणि ते आलेच नाहीत. दुसरं कार्ड गेलं. उत्तर नाही.

त्याच सुमारास सरांना पुण्याच्या एका सभेत सगळ्या पेशंटांचे निकाल वाचून दाखवायचे होते. रजिस्टर समोर होतं. मी म्हटलं, "नामदेवराव बरे असणार सर. बरा झालेला माणूस कशाला येतोय?"

"तू बघितलंस?"

"नाही."

"मग फेल लिही."

"सर! ते चालते-बोलते, साडेचार वर्षं..."

"ज्याचं बिघडतं तोही येत नाही. शरमेनं येत नाही," सर म्हणाले. "न आलेल्याला बरा धरला की आपलंच कौतुक होतं आणि पुढच्या पेशंटचं वाटोळं होतं. फेल."

मी लेखणी उचलली आणि खाली ठेवली. मला पाट सुटल्याची ती आरोळी ऐकू येत होती. आणि खरं सांगतो, आतून भीतीही वाटत होती. सर बरोबर असतील तर? ती खणाची पिशवी पुन्हा बाहेर निघाली असेल तर?

"एक दिवस द्या सर," मी म्हटलं.

*

सकाळच्या एसटीनं निघालो. मांडीवर कापडी पिशवी. तिच्यात मापाचं भांडं आणि स्टॉपवॉच. शेजारच्या सीटवरच्या एका पाटलांनी भांडं निरखून बघितलं आणि विचारलं, "दूध डेअरीचं व्हय? म्हशीला काय फॅट धरतासा?" मी म्हटलं, "धार बघतो मी, तक्रार आली असेल तर." बाकी काय सांगणार!

इस्लामपूरला उतरून दुसरी गाडी, मग पायी. घर सापडलं. पारूबाई भाकरी थापत होत्या. मला बघून उठल्या, आणि माझी नजर आधी गेली खुंटीकडं. खुंटीवर खणाची पिशवी लटकत होती!

"पारूबाई, कार्ड पाठवलं होतं..."

"ते व्हय? देव्हाऱ्यात हाय की." त्यांनी खरंच देव्हाऱ्यातून दोन्ही कार्डं काढली. हळदीकुंकू लावलेली! "पाच वर्सं यायचं म्हनून धनी सरांस्नी पायाला हात लावून बोललं हुतं. त्या दिसापासनं पाच वर्सं भरली. शब्द फिटला. मग बी कार्ड आलं, म्हनून देवापाशी ठेवलं."

आमची पाच वर्षं दुसऱ्या ऑपरेशनपासून. त्यांची शब्द दिला तेव्हापासून! हे साडेचार वर्षांत एकदाही कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

"आणि ती पिशवी?" मी घाबरत विचारलं.

"मिरच्यांचं बी हाय तिच्यात. धनी उसात हायती, चला."

बांधाच्या अलीकडं होतो तेवढ्यात लांबवर नामदेवराव दिसले. आमच्याकडं पाठ, उसाकडं तोंड, पाय फाकवून उभे. पारूबाईंनी हाक मारली, "आवं! दवाखान्यातलं डाक्टर आल्यात!"

गडी वळला नाही. एक हात वर करून तसाच ओरडला, "घड्याळ लावा डाक्टर, घड्याळ लावा! आत्ताच चालू केलीया!"

पारूबाई तोंडाला पदर लावून माघारी वळल्या. मी पिशवीत हात घातला, स्टॉपवॉच काढलं, आणि उभा राहिलो. वाऱ्यानं ऊस हलत होता. पाच वर्षांपूर्वीचा तो खणाच्या पिशवीवाला माणूस माझ्यासमोर ताठ उभा होता आणि मला पुढचं नीट दिसेना.

नामदेवराव धोतर सावरत वळले. "किती झालं?"

मी हातातलं घड्याळ बघितलं. काटा शून्यावर. दाबायलाच विसरलो होतो.

"बारा सेकंद," मी म्हटलं. "एकदम फस्क्लास!"

त्यांनी मला गच्च मिठी मारली आणि येताना उसाची मोळी दिली.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर रजिस्टर उघडलं. पाच वर्षांचा रकाना. सरांनी विचारलं, "किती?" मी सगळं खरं सांगून टाकलं. भांडं पिशवीतच राहिलं, घड्याळ दाबलं नाही, आणि बारा सेकंद ही थाप.

"मग लिही," सर म्हणाले. "मोजलं नाही."

मी लिहिलं. त्या रजिस्टरमध्ये सगळी अक्षरं माझी, सरांनी त्यात कधी एक शब्द लिहिला नव्हता. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, चष्मा पुसला, परत पुसला, आणि माझ्या ओळीखाली लिहिलं, "पाहिलं."