एस्टिलच्या डब्यातली जुनी दारू

एस्टिल कॉम्ब्सचा नेम कधी चुकत नसे. चुकलाच तर दारू वाईट असे. दारू म्हणजे बंदुकीची, काळी. पिण्याची दारू त्यानं बायकोच्या धाकानं केव्हाच सोडली होती, आणि चघळायची तंबाखू अलीकडे डॉक्टरच्या धाकानं.

केंटकीच्या डोंगरात, लॉरेल ओढ्याच्या काठची माणसं अजून ठासणीच्या बंदुका चालवतात. पानगळीत गुरांच्या गोठ्यामागं उतारावर जमायचं, पालथं पडायचं, लांबलचक नळी ओंडक्यावर टेकवायची आणि जाळून काळ्या केलेल्या फळीवरच्या फुलीवर बार काढायचा. बक्षीस म्हणून एक बैल वाटला जातो. पहिल्या चौघांना तंगड्या, पाचव्याला कातडं आणि चरबी. एस्टिलनं उभ्या हयातीत मागची तंगडी सोडून दुसरं काही घरी नेलं नव्हतं. गेली काही वर्षं मात्र बैलाचं शेपूटसुद्धा त्याच्या फ्रीजरपर्यंत पोचलं नव्हतं.

याचं कारण त्यानं शोधून ठेवलं होतं. त्याच्या बापानं घेतलेली दारू एका बंद पडलेल्या कारखान्याची होती. ती जळायची ओलसर. नळीत मळ राहायचा तो लोण्यासारखा, गज फिरवला की साफ. हल्लीची दारू कोरडी, दोन बारांत नळीत सिमेंटचा गिलावा. जुनीचा एकच डबा तळघरात उरला होता, तोही तळाला गेलेला. म्हणून तो नाइलाजानं नवी वापरायचा आणि तिला शिव्या घालायचा. चर्चच्या पायऱ्यांवर, पेंडीच्या दुकानात, एकदा तर मयताच्या घरी, शवपेटीशेजारी उभा राहून.

खरं तर तो दमला होता. जमिनीवर पालथं पडणं जमे, उठताना मात्र दोन माणसं लागत. यंदा डब्यातली जुनी दारू वापरून एकदा मागची तंगडी न्यायची आणि दारू संपली म्हणून बंदूक दारावरच्या खुंट्यांवर टांगायची, असा त्याचा बेत होता. दारू संपली म्हणून थांबला, असं लोकांनी म्हणावं. एस्टिल संपला म्हणून थांबला, असं कुणी म्हणू नये. एवढंच त्याला हवं होतं.

बेत मोडायला होबार्ट साइझमोर आला. हा त्याचा चुलत मेहुणा, जन्मभराचा दुसऱ्या नंबरचा नेमबाज, आणि आता मागची तंगडी नेणारा. सामन्याआधीच्या शनिवारी तो आपली नवी दारू घेऊन दारात उभा राहिला.

"तुझी जुनी आणि माझी नवी, एकाच नळीतून," तो म्हणाला. "नाहीतर परत बोलू नकोस. माझे कान किटलेत."

एस्टिलची बायको व्हर्नी ओट्यावर शेंगा सोलत होती. तिच्यासमोर नाही म्हणणं एस्टिलला जमलं नाही.

आधी नवी भरली. पहिला बार फुलीला खेटून, दुसरा जरा लांब. तिसरी गोळी अर्ध्या नळीत अडकली ती अडकलीच. गजावर लाकडी हातोडी घालावी लागली. एस्टिलचा चेहरा खुलला. त्यानं कढत पाण्यानं नळी निगुतीनं धुतली, पुसली आणि डबा उघडला. जुन्या दारूचा वास नाकात गेला तसा त्याला बापाचा कोट आठवला. पहिला बार छान. दुसरा बरा. तिसरी गोळी त्याच जागी अडकली.

एवढ्या वर्षांत होबार्टनं टोमणा मारायची संधी पहिल्यांदाच सोडली, आणि तेच एस्टिलला जास्त लागलं.

होबार्टनं वाकून एस्टिलची पुढची चिंधी उचलली. गोळीभोवती गुंडाळायची ही चिंधी एस्टिल बापासारखीच तोंडात धरून थुंकीनं भिजवायचा. तेवढ्या ओलीवरच नळीतला मळ मऊ होतो.

"ही कोरडी आहे," होबार्ट म्हणाला.

"आत्ताच तोंडातून काढली मी."

"काढलीस रे. पण भिजली कुठं?"

व्हर्नीनं शेंगांवरून मान वर न करता सांगितलं, की ब्लड प्रेशरच्या गोळ्या सुरू झाल्यापासून त्याला मक्याची भाकर ताकात बुडवल्याशिवाय गिळवत नाही. पूर्वी गालात तंबाखू असायची, तेव्हा अख्खी बंदूक भिजली असती.

होबार्टनं एक चिंधी स्वतःच्या तोंडात टाकली, घोळवली आणि पुढं केली. एस्टिलनं तोंड वाकडं केलं, पण घेतली. नळी धुऊन नवी दारू भरली. गोळी लोण्यातून जावी तशी खाली गेली. मग होबार्ट थुंकत राहिला आणि एस्टिल बार काढत राहिला, आणि फळीवरची फुली हळूहळू नाहीशी झाली.

"बघ, हात अजून तोच आहे," होबार्ट म्हणाला. "आणि दारूही चांगली आहे, गाढवा."

एस्टिलला आनंद व्हायला हवा होता. तो ओंडक्यावर बसला आणि बराच वेळ गुडघे चोळत राहिला.

व्हर्नी म्हणाली, "सामन्याला चिंध्या मी भिजवीन. होबार्टच्या तंबाखूपेक्षा माझं तोंड बरं."

"मला नाही जायचं खेळायला," तो म्हणाला. "दमलोय गं मी."

"मग तसं सांग. बिचाऱ्या दारूनं तुझं काय घोडं मारलंय?"

सामन्याच्या दिवशी तो बंदूक न घेताच उतारावर गेला. लोकांनी टोमणे तयारच ठेवले होते. एस्टिलनं टोपी काढली आणि सगळ्यांना सांगून टाकलं, की नवी दारू चांगली आहे, मी उगाच तिची बदनामी केली, माझी थुंकी आटली होती. आणि यंदा मी खेळत नाही, कारण मला उठता येत नाही.

तयार टोमणे तसेच राहिले. कुणीतरी खुर्ची आणून दिली. होबार्ट पालथा पडता पडता कुरकुरला, की आता हरवायला कुणी उरलं नाही, तर ती तंगडी घेऊन काय चाटायची.

एस्टिल व्हर्नीशेजारी उन्हात बसला. पहिल्या बाराला त्यानं सवयीनं मान पुढं केली. पुढच्या बारांना मान खाली आली, आणि एवढ्या धूमधडाक्यात तो खुर्चीतच घोरू लागला. व्हर्नीनं त्याची टोपी डोळ्यांवर ओढली आणि लोकांना खुणेनं सांगितलं, चालू द्या.