पाण्याचा आळ

"बाटली कुठं लपवली, म्हातारे? काढ."

टेक्निशियननं माझी पिशवी डायलिसिसच्या पलंगावर उपडी केली. नागलीची भाकरी पडली. लसणाची चटणी. धुतलेलं लुगडं. गोळी घ्यायला ठेवलेला स्टीलचा पेला निघाला, तो त्यानं सगळ्यांना उंच करून दाखवला.

"हा बघा पुरावा. चोरून पाणी ढोसते आणि वर म्हणते, दम लागतो."

सगळे हसले. शेजारच्या पलंगावरची पिंपळगावची बागायतदारीणही हसली. तिच्या हातात सरबताचा ग्लास होता.

मी जास्तीचं पाणी प्याले नव्हते. किडनी गेलेल्याच्या अंगात पाणी साठतं, म्हणून ठरवून दिलेलं तेवढंच. दिवसाला दोन पेले, मोजून. वजनही वाढलं नव्हतं, काट्यावर दिसत होतं. त्यावर तो म्हणाला, "भिंतीला टेकून उभी राहिली असशील."

त्या बाईचा मला हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू? तिच्या पाटल्यांचा, दारापर्यंत येणाऱ्या गाडीचा. मी हरसूलच्या पुढून दोन गाड्या बदलून नाशिकला यायचे. पण खरी जळले ती तिला दम लागला त्या दिवशी. "वहिनी, घाबरू नका," म्हणत याच टेक्निशियन पोरानं धावत जाऊन डॉक्टर आणला. त्याच दिवशी तिच्या छातीची सोनोग्राफी झाली, हाताचीही. तिला लागला तर आजार. मला लागला तर चोरी.

माझ्या डाव्या दंडात फिस्टुला आहे. धमनी शिरेला जोडून सुया टोचायला केलेली जागा. ती लिंबाएवढी फुगली होती, आत गिरणी चालावी तशी धडधडायची. एका दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या मी दंडावर डोकं टेकलं. फुगवटा दाबला गेला आणि छातीतली धडधड हळू झाली. डोकं उचललं, पुन्हा सुरू. तीनदा करून पाहिलं.

जन्म भातात गेला माझा. खाचराचा बांध फुटला की सगळं पाणी त्या एका फटीकडं पळतं. माझ्या हातात तेच चाललं होतं, आणि काळीज उपसून उपसून थकत होतं.

टेक्निशियनला सांगितलं. "आता तू डॉक्टर झाली का?" म्हणाला.

पुढच्या वेळी मी पलंगावर चढलेच नाही.

"आधी नाडीचं मशीन लाव. मग सुई."

"खोळंबा करू नको, म्हातारे."

"व्हऊ दे खोळंबा. मरायचं मला हाय, तुला नाय."

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आल्या. बोटाला चिमटा लावला. आकडा एकशे बारा. मी अंगठ्यानं फुगवटा दाबला. आकडा नव्वदवर उतरला. सोडला, चढला. बाईंनी स्वतः दाबून पाहिलं.

"हे कुणी शिकवलं, आजी?"

"खाचरानं."

मग माझ्याही हाताची आणि छातीची सोनोग्राफी झाली. रक्त पाहिजे त्याच्या दुपटीनं वाहत होतं. ते ओढून काळीज मोठं झालं होतं. ऑपरेशन करून वाट अरुंद केली. दम कमी झाला. पण काळीज पूर्वीसारखं होणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. आळ घेण्यात गेलेले महिने कुणी परत देत नाही.

तो पोरगा माफी मागायला आला नाही. मी वाटही बघत नाही. माझा हेवा गेलेला नाही आणि मी तो घालवणारही नाही. तिला जे न मागता मिळतं, ते मी दर खेपेला मागेन. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. मिळाल्याशिवाय सुई टोचू देणार नाही.

हे मी भोगलं. चौथी शिकलेली, सत्तरी ओलांडलेली, आठवड्यातून दोनदा मशीनवर पडणारी बाई.