शेवंताची बाटली

चूक माझी होती. सिरिंजच्या तोंडावर माझा अंगठाच नीट बसला नव्हता.

हल्ली रोज सकाळी इन्सुलिन घेताना सिरिंजचा दट्ट्या बोटाखाली सरकतो आणि मुरुडच्या शाळेतला तो नववीचा वर्ग आठवतो. खिडकीतून सुक्या मासळीचा वास येत होता. कोंडलेल्या हवेचं आकारमान कमी केलं की दाब वाढतो, हे मी दाखवत होतो. दाबून सोडलेला दट्ट्या उसळून मागे यायला हवा होता. पण हवा अंगठ्याखालून निसटली आणि तो तिथेच राहिला. मुलं खुसखुसली.

तेव्हा कोळीवाड्यातली शेवंता मला सावरायला उठली. "सर, पलास्टिकची बंद बाटली जाल्यासंगती दर्यात खोल गेली का चेपते. वर आली का फुगते. मी बघलंय."

तिचं बरोबर होतं, आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी म्हणालो, "खाली बस. हा मासळीबाजार नाही."

सगळा वर्ग तिला हसला. माझी फजिती झाकली गेली. शेवंता वर्गात पुन्हा कधी बोलली नाही आणि दहावीला बसलीच नाही.

गेल्या रविवारी बाजारात ती दिसली. केस पिकलेले, हातात कोयता.

"ओळखलंस?" मी विचारलं.

"वलखलं ना, सर. बघा, मासलीबाजारातच बसलंय मी."

हातातली पिशवी मी खाली ठेवली. "शेवंता, तुझी बाटली बरोबर होती. मला तेव्हाच ठाऊक होतं. मला माफ कर."