इनासदादांच्या ग्रिलभोवती

चार घरं वर्षानुवर्षं एकाच अंगणात जेवली की किस्से साठतातच. कोणी लिहून ठेवत नाही, तरी एकही हरवत नाही. आमचे किस्से साठले ते इथे परदेशात, एटोबिकोला, इनासदादांच्या बॅकयार्डमधल्या काळ्या ग्रिलभोवती.

दादा वसईचे, माझ्याच गावचे. इथे फॅक्टरीत मशीन चालवून रिटायर झाले. एरवी अबोल माणूस. पण सणाला अख्खं बीफ टेंडरलॉइन भाजायचं असलं, की त्या दिवशी घरात त्यांचाच शब्द! टेंडरलॉइन म्हणजे जनावराचं सगळ्यात मऊ मांस. हातभर लांब तुकडा, एका टोकाला जाड, दुसरीकडे शेपटीसारखा निमुळता.

पहिल्या वेळी दादांनी तो तसाच जाळीवर टाकला. जाड टोक आतून कच्चं, शेपटीचं पार चामडं झालेलं. आम्ही चावत चावत "छान, छान" म्हणत राहिलो. सबिनावहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, ते बघून ठेवलं.

पुढच्या खेपेला त्या दोरा घेऊनच आल्या. वरचा चिवट पांढरा पापुद्रा सुरीने सोलून काढला, शेपटी आत दुमडली आणि थोड्या थोड्या अंतरावर करकचून गाठी मारल्या. तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा झाला.

"हे कुठे शिकलीस गं?" दादांनी विचारलं.

"माहेरी बाजारासाठी मेथीच्या जुड्या कोण बांधायचं? सुटायला नको, एवढंच बघायचं!"

*

एका नाताळला रात्रभर बर्फ पडला. दुपारी फादर जेवायला येणार होते. वहिनी म्हणाल्या, "अहो, आधी पुढचा ड्राइव्हवे शोव्हल करा." दादांनी मान डोलावली आणि मागे जाऊन ग्रिलपर्यंतची वाट मोकळी केली. तेवढ्यात फादर आले. पुढच्या दाराशी गुडघाभर बर्फ, म्हणून बिचारे घराला वळसा घालून थेट ग्रिलपाशी पोचले.

वहिनी शरमेने अर्ध्या झाल्या. फादर बूट झटकत म्हणाले, "असू दे बाय. जिथे वाट काढलेली दिसली, तिथून आलो."

*

मिलिंद माझ्या ऑफिसातला, पुण्याचा. तो बीफ खात नाही, पण आमच्यात रमतो. एका उन्हाळ्यात त्याची आई इथे आली होती. दादांनी दोघांनाही जेवायला बोलावलं.

काकू अंगणात आल्या, धुराकडे बघून थबकल्या. "हे कशाचं?"

मिलिंद घाईघाईने म्हणाला, "मटण आहे, आई."

दादांनी चिमटा खाली ठेवला. "नाही ताई. गाईचं आहे. खोटं बोलून तुम्हाला माझ्या घरी जेवायला बसवणार नाही."

मिलिंदने खिशातून गाडीची किल्ली काढली.

काकूंनी विचारलं, "आणि माझं?"

दादांनी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बोट दाखवलं. तिथे एक छोटा कोरा ग्रिल होता, झाकणावर दुकानाचा स्टिकर तसाच. त्यावर मक्याची कणसं आणि वांगी.

काकूंची नजर त्या स्टिकरवर गेली. मग मिलिंदला म्हणाल्या, "किल्ली ठेव आत. आणि माझी खुर्ची त्या बाजूला घे, धूर इकडे येतोय."

त्या दिवशी वांग्याचं भरीत त्यांनी स्वतः केलं. सगळ्यांत आधी दादांच्या ताटात वाढलं.

*

दादांची मुलगी निकोल. तिने एकदा डॅनला घरी आणलं. ग्वेल्फकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, अबोलपणात दादांच्याही वरचढ. लग्नाचं विचारायला आला होता, पण तोंडातून शब्द फुटेना. दादांनी त्याच्या हातात चिमटा दिला आणि बाजूला उभे राहिले.

डॅनने तुकडा चहूबाजूंनी भाजला, मग कमी आचेच्या बाजूला सरकवून झाकण लावलं. थोड्या वेळाने थर्मामीटर टोचला आणि मांस सरळ खाली उतरवलं.

"कच्चं आहे अजून!" दादा ओरडले.

"इट विल कीप कुकिंग, सर," डॅन म्हणाला. वरून फॉइल झाकून हाताची घडी घालून उभा राहिला. दादा येरझाऱ्या घालत होते. निकोल नखं खात होती. "डॅड, प्लीज, जस्ट वेट!"

शेवटी दादांनी स्वतः सुरी चालवली. आत कडेपासून कडेपर्यंत एकसारखा गुलाबी रंग, अगदी हवा तसा. त्यांनी एक काप तोंडात टाकला, सावकाश चावला.

"फादरना विचारून देवळात लग्नाची तारीख बघायला हवी," ते म्हणाले.

*

मग वहिनी आजारी पडल्या. उपचारांनी त्यांच्या तोंडाची चव गेली. वरण असो की आइस्क्रीम, "कागद खाल्ल्यासारखं लागतं" म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या. दादा रोज काहीतरी नवीन करून बघायचे. वहिनींचं वजन उतरतच होतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दादांनी आम्हाला बोलावलं. मांसावरच्या दोऱ्याच्या गाठी त्या दिवशी त्यांनीच मारल्या होत्या, वाकड्यातिकड्या. वहिनी शाल लपेटून माझ्या शेजारी बसल्या होत्या. दादांनी मधला सगळ्यात मऊ काप बारीक चिरला, बशी त्यांच्या हातात दिली आणि समोर उभे राहिले.

वहिनींनी एक तुकडा तोंडात घातला. खूप वेळ चावत राहिल्या. मग कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "अहो, मीठ कमी पडलंय."

दादा पुढे वाकले. "काय म्हणालीस?"

"मीठ हो. कमी आहे."

"चव आली! निकोल, आईला चव आली!" डोळे पुसत दादा मीठ आणायला घरात पळाले.

मी माझ्या ताटातला काप खाल्ला. मीठ अगदी बरोबर होतं.

मी वर बघितलं. वहिनी माझ्याकडेच बघत होत्या.

दादा मिठाची बरणी घेऊन आले. "रोझी, तू सांग, कमी आहे ना?"

"हो दादा," मी म्हटलं, "कमीच आहे."

वहिनींनी बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं, मांसावर भुरभुरवलं आणि बशीतलं सगळं खाल्लं.